मैनेची पाळी

— नाई नाई, मॅडम, तो कान फुटला नाई, घडलाच तसा हाय. बसा ना बापा, उन्हाच्या आल्या तुमी. खुर्चीवर बसा, दगडावर नको, साडीले भुकटी लागते. काय म्हनता — अकोटच्या विहारात बी डाव्या कानाची पाळी अशीच चिरलेली? अन् अचलपुरात बी? म्हनून त्या हाताले शोधत पुण्याहून थेट अकोल्याले आल्या? वा. तीस वर्सांत एका गिऱ्हाइकानं बुद्धाचा कान पायला नाई. डोळे पायतात, नाक पायतात, अन् देनगीदारांच्या पाटीवर आपलं नाव बरोबर हाय का, ते तर चष्मा लावून पायतात.

बनवनारा कोन? खाली कोरलं हाय ना — खुशालराव मूर्ती भांडार. मीच खुशालराव. छन्नी मी कवा धरली नाई, खोटं कायले बोलू. पन पेढा घेताना तुमी म्हशीचं नाव इचारता काय?

ठक-ठक? हाव, मांगच्या शेडात. तोच — देवमन. आता लपवून काय करू. पन भेटू नका, मानूस येडा हाय. पाळीचं आयका म्हनजे समजन. त्याची बायको मैना, माह्याच शेडात मूर्त्या घासे. एक दिवस मशीनच्या पट्ट्यात डूल अडकलं अन् पाळी चिरली. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर हजर. चांगली बाई. मंग तिले खोकला लागला — भुकटीचा, शेडात सारेच खोकलतात. मी म्हटलं मैना, गूळ खा, गुळानं छाती साफ होते. सोताच्या हातानं आनून देत होतो गूळ. तुमीच सांगा, कोनता मालक देते?

खोकला काई थांबला नाई, दवाखान्यात ठेवा लागलं तिले. दोन वर्सं झाले त्या गोष्टीले. बुद्धपौर्निमा परवावर, शेंदूरजनाघाटची सात फुटी मूर्ती, गाडी दारात उभी अन् डोळे बाकी. डोळे देवमन सर्वात शेवटी उघडते, अन् दोन्ही एका बैठकीत — मंधात उठला तं दोन डोळे दोन मानसाचे दिसतात, असं तोच म्हने. तवा दवाखान्यातून मैनेच्या भावाचा फोन आला, माह्या फोनवर. म्हने, मैना देवमनचं नाव घेऊन राहिली, लवकर धाडा. अकरा वाजले होते. मी शेडात गेलो — एक डोळा उघडला होता. आता काय करू मी, एका डोळ्याचा बुद्ध धाडू? चाय पाठवली त्याले अन् मांगं उभा राहिलो. चार वाजता दुसरा डोळा झाला, तवा म्हटलं, देवमन, आत्ताच फोन आला बापा, चाल. सोताच्या गाडीत बसवून नेलं. मैना दीडलेच गेली होती.

भाऊ? भावाले बाजूले घेऊन म्हटलं, फोनचा टाइम सांगत बसू नका, त्याले लागन. मानुसकी ठेवा लागते ना. अन् पाहून या कवा ते डोळे — बाया उभ्या राहून रडतात.

तवापासून हर बुद्धाची पाळी चिरते तो. पहिले मी भरून टाकत होतो, तो पुना उकरे. मंग सोडून देल्लं, कान कोन पायते.

प्रदर्शन? पुण्याले न्यायचं, त्याच्या नावानं? नाई येत तो, मॅडम. मुंबईवाले बी बोलवून गेले. म्हने, माही मैना जाऊन राहिली होती, तवा मालकानं आपली गाडी काढली — मी मालकाले सोडून कसा जाऊ. त्या एका गोष्टीनं बांधला हाय तो इथी. खुशाल घेऊन जा म्हटलं तरी —

हळू कायले बोलू? ठोकनं चालू हाय तवर त्याले काई आयकू येत नाई.

बंद कवा झालं?

...ये ना, देवमन. दारात कावून उभा? छन्नी ठेव बापा खाली. हे मॅडम, पुण्याच्या — आता निघूनच राहिल्या होत्या —

नाई नाई, मॅडम. उठू नका. बसा तुमी.