चिठ्ठीवर बेचाळीस

जबाब देणार: नाव खाली सहीत आहे. वय ५८ वर्षे, धंदा घरकाम व पतीच्या कामात मदत, शिक्षण मॅट्रिक पास. राहणार रंगाऱ्यांची गल्ली, दुसरा मजला, जिन्यासमोर, दोन खोल्या.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. माझ्या पतींना परवा, १२ तारखेला, सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी घरून नेले. त्यांनी जो जबाब दिला तो काल हवालदारांनी मला दारात तोंडी सांगितला. त्यात एक गोष्ट बरोबर नाही, म्हणून मी आले आहे.

गेल्या महिन्याच्या ४ तारखेला सकाळी आमच्याकडे आले ते असे. कवट्या चार, प्रत्येकीचे सुटे दात वेगळ्या कापडी पिशवीत. पेरॉक्साइडचे कॅन दोन, प्रत्येकी साडेचारशे रुपये. जांभळ्या उजेडाची नळी एक, अकराशे, कारण जुनी नळी फडफडत होती. नळी व कॅन आम्ही आमच्या पैशाने मागवले. कवट्या शिंगवाल्याने आणल्या. त्याचे शिंगांचे व शोभेच्या वस्तूंचे दुकान आहे, म्हणून सगळे त्याला शिंगवाला म्हणतात. मीही तेच म्हणते.

माझे पती कॉलेजच्या प्राणी-संग्रहालयात हाडे जोडण्याचे काम एकतीस वर्षे करत होते. रिटायर झाल्यावर तेच काम घरी सुरू केले. शाळा, कॉलेजे आणि शोभेची दुकाने घेतात. काम असे की कवटी साबणाच्या कोमट पाण्यात ठेवून तिची चरबी काढायची, मग काचेच्या टाकीत पेरॉक्साइडमध्ये बुडवून वर दिवा लावायचा. सहा-सहा तासांनी फिरवायची, नाहीतर एक गाल पांढरा आणि एक पिवळा राहतो. आठ दिवस लागतात. पूर्वी हे आम्ही गच्चीवर उन्हात करत होतो. पण कावळ्यांनी दात पळवले आणि खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "तुमचं वाळवण बघून माझं जेवण जात नाही." तेव्हापासून आतली खोली बंद करून, भिंतींना चंदेरी कागद लावून दिव्याखाली करतो. देवांचे कपाट त्या खोलीतून मी बाहेर आणले. त्यावर पती म्हणाले होते, "राहू दे की. आठ दिवसांत तुझे देव गोरे होतील."

दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचे नसते. काळा चष्मा लागतो. आमच्याकडे चष्मा एक होता. मी कामात मदत करू लागले तेव्हा पतींनी तो मला दिला. दुसरा घ्यायचा होता, तो मी पुढच्या महिन्यावर टाकत गेले. असे सहा वर्षे झाले. आता त्यांना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, माणूस उभा आहे एवढे दिसते. डॉक्टरांनी ऑपरेशनला या महिन्याची २२ तारीख दिली आहे. आधी उजवा डोळा.

दिसेनासे झाल्यापासून दात मोजणे, चिकटवणे व चिठ्ठी लिहिणे हे माझे काम. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहायची, कारण दिव्याखाली शाई उडते. चिठ्ठीवर प्राण्याचे नाव व दातांची संख्या. कुत्र्याचे दात बेचाळीस. मांजराचे तीस. मेंढीचे बत्तीस. मोजण्याआधी मी देवाचे नाव घेते, ते माझे मलाच. त्याची सवय आहे.

४ तारखेला शिंगवाला दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, मेंढ्या दोन, कुत्रे दोन. त्यातला एक कुत्रा थोर आहे, त्याला जरा जपा." मी म्हणाले, "आमच्याकडे सगळे सारखेच पांढरे होतात." तो म्हणाला, "या थोराचे पैसे वेगळे. दादांच्या डोळ्यांचं यातच भागेल, आणि वर चष्मा माझ्याकडून." पती आतून म्हणाले, "चष्मा एकच आण. हिला नवा, मला जुना चालेल." तो हसला व गेला.

५ तारखेला सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी मी चौथी पिशवी ताटात ओतली आणि मोजले. तीस भरले. पुन्हा मोजले. तीसच. म्हाताऱ्या कुत्र्याचे दात पडलेले असतात, पण मग त्या जागी खोबण्या रिकाम्या राहतात किंवा भरून आलेल्या दिसतात. मी कवटी उजेडात धरून दातांच्या जागा मोजल्या. त्याही तीस. सुळे माझ्या करंगळीपेक्षा लांब होते. तीस दात मांजराचे हे मला माहीत आहे आणि एवढे मांजर कोणाच्या घरात नसते हेही मला माहीत आहे. नाव मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. बिबट्या हा शब्द मी परवा जंगल खात्याच्या साहेबांच्या तोंडून ऐकला. पण मला कळले नाही असे मी म्हणत नाही.

पती शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारले, "किती गं?" मी म्हणाले, "बेचाळीस." ते म्हणाले, "बरं. तसंच लिही." मी लिहिले: कुत्रा, मोठा, दात ४२. अक्षर माझे आहे.

पतींनी आपल्या जबाबात सांगितले आहे की "कवटी कसली ते मला ठाऊक होते, बायकोला काही कळत नाही, मी सांगतो ते ती लिहिते." हे बरोबर नाही. त्यांनी मला सांगितले नाही, मी त्यांना सांगितले. आणि खोटे सांगितले. खरे सांगितले असते तर त्यांनी कवटी त्याच दिवशी परत पाठवली असती. कॉलेजात असताना एकदा त्यांनी घुबडाचा सांगाडा परत पाठवला होता, कागद नव्हते म्हणून. ते मला माहीत होते, म्हणूनच मी बेचाळीस म्हणाले.

दिवा १५ तारखेला सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी लावला, २३ ला सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी बंद केला. इतर तीन कवट्या पतींनी चाचपून फिरवल्या. ही मी फिरवली. तिला त्यांचा हात लागला नाही. दात मी चिकटवले. २७ तारखेला शिंगवाला माल घेऊन गेला. या ११ तारखेला त्याच्या दुकानावर धाड पडली, तेव्हा जंगल खात्याच्या साहेबांनी कवटी पाहिली, चिठ्ठी वाचली आणि दात मोजले असे समजते. चिठ्ठीवर बेचाळीस, जबड्यात तीस. मोजणारे साहेब हुशार आहेत.

फौजदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, ५ तारखेला कवटी ओली असताना पतींनी तिच्यावर एकदा हात ठेवला होता. ते मी बेचाळीस म्हणण्याआधी.

विचारल्यावरून सांगते की, कॉलेजातले शिपाई म्हणतात ते खरे आहे. पोरे त्यांच्या पाठीमागे हातात हाड द्यायची आणि ते न बघता नाव सांगायचे. तेव्हा ते तरुण होते.

विचारल्यावरून सांगते की, हात कुठे ठेवला ते आठवते. आधी कपाळावर, मग नाकाच्या हाडावर. किती वेळ ठेवला ते सांगता येत नाही. मी घड्याळ पाहिले नाही.

आमच्या कामाच्या वहीत मिनिटे लिहिलेली आहेत असे साहेबांनी दाखवले. ती दिव्याची आहेत.

आणखी विचारल्यावरून सांगते की, हात काढल्यावर त्यांनी तो पंच्याला पुसला आणि मग विचारले, किती गं. दुसरे काही बोलले नाहीत. त्या दिवशी दुपारी जेवताना आम्ही बोललो ते भाजीत मीठ कमी आहे एवढेच. माझ्या तोंडाला चव नव्हती, म्हणून मी मान्य केले.

त्या दिवसापासून मी देवापुढे हात जोडते, नाव घेत नाही.

आतल्या खोलीत सध्या मेंढीची एक कवटी टाकीत आहे, एका शाळेची आहे. आज निघण्यापूर्वी ती फिरवून, दिवा बंद करून, कुलूप लावून आले. किल्ली सोबत आणली आहे, हवी असल्यास देते.

हा जबाब हवालदारांनी लिहिला व मला वाचून दाखवला. नंतर मी स्वतः वाचला. वर शिक्षणापुढे 'निरक्षर' लिहिले होते, ते खोडून मॅट्रिक करवून घेतले. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे. सही करते.

सहीनंतर एक विनंती लिहून घ्यावी असे मी म्हणाले, हवालदारांनी जागा दिली. पतींना कोणत्या कोठडीत हलवले ते मला सांगितलेले नाही. त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असतात. बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. त्यांना स्वतःला घालता येत नाहीत, थेंब गालावर पडतो आणि ते पडला म्हणून सांगतात. तरी घालणाऱ्याने पापणी बोटाने धरून स्वतः पाहावे, त्यांना विचारू नये. थेंब कोण घालते आणि २२ तारखेला त्यांना ऑपरेशनला सोडणार किंवा कसे, हे वरील पत्त्यावर उलट टपाली कळवावे.