बाई रडल्या, कविता पास

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आमच्या कविता विभागाचे साहेब, वहिनी, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी या शुभेच्छापत्रांच्या कंपनीत टेलिफोनवर बसते. भाषणाची मला सवय नाही. पण मघाशी एकामागून एक वक्त्यांनी माझाच किस्सा सांगितला आणि तुम्ही पोट धरून हसलात. म्हटलं, जिचा किस्सा तिलाही दोन शब्द बोलू द्या.

कविता वाचकाला भावेल की नाही? साहेबांचं उत्तर तयार असायचं : "बाईंना वाचून दाखवा. रडल्या तर पास." नवरा गेल्यावर महिन्याभरात मी इथे लागले. सांत्वनाच्या कार्डावरची एक कविता साहेबांनी वाचून दाखवली आणि मला हुंदका आवरला नाही. झालं! तेव्हापासून माझं दुःखही कंपनीच्या नोकरीला लागलं. डोळे कोरडे राहिले, की साहेब माझ्यादेखत कवीला सांगायचे, "मीठ कमी पडलं. एखादं तान्हं बाळ घाला."

मंडळी, किळस यायची. अजून येते. वहिनी, माफ करा, पण आज खोटं बोलवत नाही.

मग मीही शिकले. एका हातानं फोन जोडायचा, दुसऱ्यानं रुमाल डोळ्यांना लावायचा, म्हणजे कवी एकदाचा माझ्या टेबलापासून हलायचा. साहेब, तुमची सगळ्यात जास्त खपलेली कार्डं त्या कोरड्या रुमालावर पास झाली आहेत! लोकांना आवडली म्हणता? घरात माणूस गेलेल्याला काहीतरी पाठवायचं असतं, दुकानात असेल ते लोक उचलतात.

मनाला भिडलेली कविता एकच. चार ओळींची. नवरा जाण्याआधी बरणीचं झाकण घट्ट लावून गेलाय, बायकोला ते उघडत नाही, आणि ती त्याच्यावर ओरडते, "एवढं आवळायची काय गरज होती?" मी खळखळून हसले. त्या दिवशी घरी जाऊन मीही माझ्या नवऱ्याशी मनसोक्त भांडले, तो गेल्यानंतर पहिल्यांदाच. फार हलकं वाटलं हो. साहेबांनी मात्र कागद टोपलीत टाकला. "हसल्या. नापास."

नवे साहेब आताच म्हणाले, ही परंपरा पुढे चालू ठेवू. नाही चालणार. फोन जोडीन, रडणार नाही. काढायचं तर काढा कामावरून.

साहेब, पडत्या काळात नोकरी तुम्हीच दिलीत, त्याचे आभार मनापासून मानते. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आता साहेबांवर रचलेली निरोपाची कविता वाचली जाईल. ती ऐकताना कृपा करून माझ्या तोंडाकडे कुणी बघू नका.