एक अक्षर जास्त

हसणार नसाल तर सांगतो. माझा धाकटा चुलतभाऊ बापूराव. त्याला जावयाने पुण्याहून गोल्फची काठी आणून दिली. आमच्या तीर्थपुरीत गोल्फ कोण खेळतो? पण हा ती टेकत चहाच्या टपरीवर यायचा, आणि लोक उठून त्याला बाकडं द्यायचे. मी थोरला, तरी उभाच. मला ते बघवेना. शेवटी मीही जालन्याच्या बाजारातून तसलीच काठी आणली, स्वस्तात.

टपरीवर बापूरावने दोन्ही काठ्या शेजारी-शेजारी धरल्या. इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नाही. त्याने काठ्यांवरच्या कंपनीच्या नावाची अक्षरं बोटाने मोजली.

"दादा, तुझ्या काठीवर एक अक्षर जास्त हाय. नकली दिसून राह्यली."

"जास्तच हाय ना? कमी तर न्हाई! जळतो कशाला?"

"मंग मारून दाखव."

मी जमिनीवर लिंबू ठेवलं आणि जोरात काठी फिरवली. लिंबू जागचं हललं नाही. काठीचं लोखंडी मुंडकं मात्र निसटलं आणि थेट चहाच्या पातेल्यात पडलं.

बापूराव बाकड्यावरून म्हणाला, "बराबर हाय दादा. अक्षर एक जास्त, मुंडकं एक कमी."