शिकून राह्यलो

गाव माहं शेंदूरजनाघाट, संत्र्यातलं. माय म्हणे बागेतच राह्य, पण मले मशिनीचा नाद, म्हणून अमरावतीत डिप्लोमा केला आन् साठ सालाच्या आसपास मूर्तिजापूरच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, लागलो. लोक अजूनही म्हणतात, तुमी त्या काळात शिकले म्हणून फोरमन झाले. काय सांगू तुमाले, हे आयकून आयकून कान किटले. शिकलो म्हणून नाही झालो, चूप राह्यलो म्हणून झालो.

जिनात सुखदेव मिस्त्री होते, माह्यापेक्षा वीस वर्षांनं मोठे. इंजिन बिघडलं का लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाले लावत, दुसरं कानाले, आन् सांगत, तिसरं बेरिंग रडून राह्यलं. उघडलं का तिसरंच निघे. माह्या डिप्लोम्यात सळईचा धडा नव्हता बाप्पा, मले जे आलं ते त्यायच्याच हाताखाली.

मंग फोरमनची जागा निघाली. पगार दुप्पट, वर राहाले क्वार्टर. सारं जिन म्हणे, मिस्त्रीच होतील. मुंबईचा साहेब आला, एकेकाचं नाव, शिक्षण, काम कागदावर घेऊन राह्यला. मिस्त्रीले इचारलं, हे काम तुम्ही कुठे शिकलात? मिस्त्री हात जोडून म्हणे, साहेब, मी त अजून शिकूनच राह्यलो.

आपल्याकडं मोठा कारागीर असंच बोलते. त्या साहेबानं लिवलं, शिकाऊ. आता शिकाऊ माणसाले फोरमन कोण करन? काहून कोणी कागदावरून डोकं वर काढत नाही, मले अजून समजत नाही. पण साहेबाले काय बोलू, मी बाजूलेच उभा होतो, मले ते अक्षर दिसत होतं. साहेब, तसं नाही, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. जागा मले भेटली.

बाहेर आल्यावर मिस्त्रीनं इचारलं, काय लिवलं गा साहेबानं? चांगलं लिवलं, मी म्हटलं.

पुढं पगाराच्या चिठ्ठीवर त्यायच्या लेकीनं शिकाऊ वाचलं. मिस्त्री मले म्हणे, बराबर हाय, मीच त म्हटलं होतं. नोकरी सुटेपर्यंत ते शिकाऊच राह्यले, आन् इंजिन अडलं का मी, डिप्लोमावाला फोरमन, त्यायलेच बलावणं धाडो.

आता मिस्त्री नाहीत. तुमी माहं हे सारं लिवून राह्यले ना? मंग लिवा, सुखदेव, इंजिनाचे मिस्त्री. लिवलं? आता वाचून दाखवा मले, मोठ्यानं.