उंबरवाडी हॉल्टवरचं शून्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय ज्ञानेश्वरराव, व्यासपीठावरचे प्राचार्य महोदय, सत्कारमूर्ती सूर्यभानमामा, त्यांच्या पत्नी चांगुणाबाई, उंबरवाडीहून आलेली पाहुणे मंडळी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

सूत्रसंचालकांनी मघाशी माझ्या हातात चिठ्ठी दिली की माधुरी मॅडम, थोडक्यात बोला आणि गोड बोला. थोडक्यात बोलते. गोडाचं काही जमेलसं वाटत नाही, कारण मला राग आलाय आणि तो पंधरा दिवस मुरलाय.

मामा आमच्या कॉम्प्युटर लॅबचे परिचर, आज निवृत्त होताहेत. एकोणतीस वर्षं उंबरवाडी हॉल्टवर सकाळची पॅसेंजर धरून त्यांनी अप-डाऊन केलं. लॅब उघडायला कधी उशीर झालाच, तर तो गाडीला झालेला असायचा.

या वर्षी पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम ते बनवताहेत, त्यासाठी कॉलेजांनी आपल्या भागातली एखादी लोकल सुचवावी. आज नसलेली, पण असायला हवी अशी. आम्ही प्राध्यापक मंडळी मुंबई-पुण्याचीच नावं घेत बसलो. मामा टेबल पुसत होते. पुसता पुसता म्हणाले की नगर ते आपल्या जिल्ह्यातलं बेलापूर का नको? आम्ही हसलो. हो, मीही हसले, कशाला खोटं बोलू!

पण मग मामा बोलायला लागले आणि तुषार आणि रुपाली या आपल्या विद्यार्थ्यांनी नकाशा काढायला घेतला. फाटक कुठं, चढ कुठं, विळदला गाडी कशी धापा टाकते, सगळं मामांना तोंडपाठ. पोरं म्हणाली, वांबोरीला क्रॉसिंगसाठी वीस मिनिटं थांबायचं गेममध्ये नको, कंटाळा येईल. मामा ऐकेनात. एकेरी लाइन आहे, समोरची गाडी येऊ दिल्याशिवाय तुम्ही निघणार कसे, म्हणाले. ती वीस मिनिटं आम्ही ठेवली. अहो, तो सगळा प्रस्ताव मामांचा आहे. आपण फक्त टाइप केला.

आता रागाचं सांगते. कंपनीला प्रत्येक थांब्यावर किती माणसं चढतात, तो आकडा हवा होता. त्यासाठी समिती नेमली. प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि मी. तास बुडायला नकोत म्हणून मोजणी सुट्टीच्या दिवशी करायची ठरली. चौदा एप्रिलला. तुषार सकाळपासून उंबरवाडीला वही घेऊन उभा. एकही माणूस चढलं नाही. मी शून्य टाइप केलं, समितीनं हॉल्ट गाळला, सचिवसाहेबांनी सही केली, शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी मामा आले तेव्हा कानामागे निळा गुलाल तसाच होता. स्क्रीनवरचा नकाशा पाहून त्यांनी विचारलं की आमचा हॉल्ट कुठाय? म्हटलं, काल मोजलं मामा, तिथं कुणीच चढत नाही. मग एवढंच म्हणाले की काल आख्खी वस्ती पहाटेच ट्रकनं नगरला मिरवणुकीला गेली होती.

सुट्टी मिळाली म्हणून आपण खूश झालो. सुट्टी कुणाच्या जयंतीची, हे समितीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही? चार शिकलेली माणसं आम्ही! मला माझीच लाज वाटली.

मी दुरुस्तीचा अर्ज दिला. समितीकडून उत्तर मिळालं की गेमच तर आहे मॅडम, एवढं काय मनावर घ्यायचं? हे मी मामांना सांगितलं, तेव्हा ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "मॅडम, गेममदी गाडी न्हाई थांबली तरी चालंल. पन त्या कागदावर कॉलेजचा शिक्का हाय. उद्या कुनी त्योच दाखवून खरा हॉल्ट बंद केला, तर आमच्या पोरींनी शिकायला यायचं कशानं?"

याच्यावर समितीकडं उत्तर आहे का? आकडा नव्यानं मोजायलाच हवा होता. म्हणून गेल्या मंगळवारी मी स्वतः त्या हॉल्टवर जाऊन उभी राहिले. त्रेसष्ट माणसं चढली. त्यातल्या एकोणीस आपल्या कॉलेजच्या मुली होत्या. काही मागच्या रांगेत बसल्यात, हात वर करायला सांगत नाही.

प्रस्ताव उद्याच्या टपालानं जायचाय. नवा कागद मी आणलाय, पेनही आणलंय. अध्यक्षमहोदय, समोर शाल-श्रीफळाचं ताट आहे, ते जरा बाजूला ठेवा. आधी सही करा. त्या शून्याखाली तुमची सही असताना मामांच्या खांद्यावर तुम्ही शाल कोणत्या तोंडानं घालणार?

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. ते शून्य मात्र घालू नका. संध्याकाळच्या पॅसेंजरला आता तासच उरलाय, आणि मामांना उंबरवाडीला उतरायचंय.