कुलपाचा आवाज
हसू नका, सांगायलाही लाज वाटते. घराला कुलूप लावलं तरी मी कोपऱ्यावरून परत यायचो आणि कुणी बघत नाय ना हे पाहून ते हलवायचो. दोन-तीनदा! समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "कुलूप उघडं राहिल्याचा विचार येऊ द्या. त्याच्याशी भांडू नका, त्याला सोबत घेऊन कामावर जा."

परवा तसाच गेलो. लई धडधडलं, पण मागं फिरलो नाय. संध्याकाळी ऐटीत गल्लीत शिरलो, तर समोरच्या शबानाचाची म्हणाल्या, "बेटा, तबियत ठीक आहे ना? सकाळी कुलूप हलवायला आला नाहीस."

माझी मान खालीच गेली.

"गल्लीतली पोरं त्या आवाजावरच शाळेला निघतात. आज सगळ्यांची बस हुकली!"