एकाच माशाची जागा

सुकुमार : एकच ठेवायचा, कमला. एवढ्याशा काचपेटीत दुसरा जगत न्हाय म्हणाला वेंगुर्ल्याचा मासेवाला म्हातारा.

कमला : मग तीन कशाला आणले?

सुकुमार : तू निवडशील म्हणून. हा निळा बघ, काय रंग हाय!

कमला : तो थांबतच नाही. जरा पुढं गेला की काच लागते त्याला.

सुकुमार : मग पट्ट्यापट्ट्याचा?

कमला : डब्यातच त्यानं निळ्याची शेपटी कुरतडलीय. बघितलं नाही का?

सुकुमार : आंबोलीच्या घाटात डबा लई हिंदकळला. मला वाटलं, त्या धक्क्यानंच फाटली... बरं, हा बारका घे. दगडाच्या रंगाचा. दगडाला चिकटून बसतोय, जागा लागत न्हाय. म्हातारा म्हणाला, हाच टिकंल.

कमला : मागचाही टिकेल म्हणाला होतात.

सुकुमार : त्या दिवशी करंट गेला, हवेचा पंप बंद पडला. त्याला मी काय करणार?

कमला : तुम्ही दुकानात होता. इथं पडून मी बघत होते. वर यायचा, तोंड उघडायचा, मिटायचा. डॉक्टरीणबाईंनी उठायचं नाही म्हणून बजावलेलं. आत्तींना हाका मारल्या, तर त्या जैन बस्तीत दर्शनाला गेलेल्या.

सुकुमार : हे मला सांगितलं न्हाईस.

कमला : काय सांगायचं? लग्नानंतर समुद्रावर गेलो तेव्हा मीच म्हटलं होतं, असा एक मासा घरात असावा. सहज म्हटलं. तुम्ही खरंच पेटी आणलीत, कॅन भरून खारं पाणी आणलंत.

सुकुमार : दिवसभर आढ्याकडं बघत पडून असतीस. रेडिओबी नको झालाय तुला. दुकानात माझं चित्त लागत न्हाय गं. म्हटलं, सोबतीला काहीतरी हलतंचालतं...

(लक्ष्मीबाई ताट घेऊन येतात.)

लक्ष्मीबाई : दिवस बुडायला आला, जेवली न्हाईस अजून? सकाळचंबी तसंच हाय.

कमला : नको आत्ती.

लक्ष्मीबाई : मी बोलले ते मनात धरलंस व्हय?

सुकुमार : काय बोललीस, आई?

लक्ष्मीबाई : मासा मेला तवा बोलून गेले. पोटात जीव असताना दुसऱ्याचा जीव कोंडलास, म्हटलं. हिचं पहिलं पोटातच गेलंय, ते ठाऊक असून बोलले. तवापासनं मलाच घास गिळंना.

कमला : खोटं नव्हतं ते.

लक्ष्मीबाई : खरं असलं म्हणून काय झालं? बोलायचं न्हवतं गं.

सुकुमार : आता हा बारका ठेवूया. बाकीचे दोन मागच्या विहिरीत सोडतो.

कमला : समुद्राचे आहेत ते. गोड्या पाण्यात मरतील.

सुकुमार : मग?

कमला : एक निवडला की बाकीच्या दोघांना मीच मारलं. मला नाही जमायचं. तिघांनाही परत न्या.

सुकुमार : परत वेंगुर्ल्याला?

लक्ष्मीबाई : जा रं. सकाळची पहिली यष्टी धर. दुकान राहू दे बंद.

सुकुमार : अन् रात्री करंट गेला तर?

लक्ष्मीबाई : पेल्यानं पाणी वर घ्यायचं, परत वतायचं. तूच बसायचं. तू आणलेस न्हवं?

सुकुमार : बसतो.

कमला : पेटीही न्या. रिकामी बघवणार नाही मला.

लक्ष्मीबाई : नेऊ दे. त्या जागी माझी चटई टाकते. दुपारची मला तरी कुठं झोप लागती?